चार शेजारी संख्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट कळत नाही.

विलायतेला कापूस कमी पडला होता, त्या वर्षांतली गोष्ट. अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रांग लागे, आणि हवेत कापसाचे तंतू असे तरंगत की उन्हालाही झोप आली आहे असं वाटे. मी अंजनगावकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. माझा मित्र किसन हा माळ्याचा, सांभार म्हणजे कोथिंबीर नि वांगी विकणाऱ्या घरातला. शाळेत आमचा बाक एकच. सुटी झाली की गाड्यांच्या सावलीत आम्ही सरकीचे दाणे ओळींत मांडायचो. तेहतीस — अकराच्या तीन ओळी. चौतीस — सतराच्या दोन. पस्तीस — सातच्या पाच. तिघी शेजारणी, आणि प्रत्येक दोनच मूळ संख्यांच्या गुणाकाराची! किसन त्या दाण्यांकडे नुसता बघत राही.

"अशा चार असतीन काय गा?"

नसतात. सलग चारांत एकीला चाराने भाग जातोच. चार म्हणजेच दोन दुणे, आणि चाराच्या पुढे गेलं की त्यावर तिसरी मूळ संख्या येतेच; खुद्द चाराचे शेजारी तीन नि पाच तर स्वतःच मूळ. हे मला त्याच दुपारी उमगलं होतं. मग मी काय म्हणालो?

थांबा — आधी हे सांगायला हवं. मुंबईला शिकायला शाळेतून एकालाच पाठवणार होते, परीक्षा तोंडावर आली होती, आणि किसन माझ्याहून हुशार होता.

मी म्हणालो, "मले सापडल्या. लय पुढं हायेत. तू शोध."

त्याला कळलं नसतं का? कळलंही असेल — पण मी पाहिल्यात म्हटल्यावर त्यानं स्वतःच्या अकलेपेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. पुस्तकं मिटली, आणि तो शोधत सुटला. परीक्षेत पार मागे पडला. मी मुंबईला गेलो, पदवीधर झालो, आमच्या घरातला पहिला. शाळेचे, गुरुजींचे उपकार मी रोज आठवतो — आणि रोज मध्येच थांबतो.

परत येताना अकोल्याच्या बाजारात तो दिसला. वांग्यांच्या टोपलीमागे बसलेला. "लेका, सायब झाला तू!" म्हणत उठला, स्वतःच्या बसायच्या पोत्यावर मला बसवलं. पोत्याशेजारी सरकी मांडलेली होती.

"अजून नाई सापडल्या. पण तू पाह्यल्या होत्या ना गा?"

आता कसली भीती होती मला? परीक्षा नव्हती, मुंबई नव्हती.

"हो," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उजळला. समोरच्या गिऱ्हाइकाला त्यानं हातानंच थांबवलं, आणि पुढचे दाणे मांडायला घेतले.