आजींसकट घर

मंडळी, तासाभरापूर्वी फोन ठेवलाय, पण अजून मला काही सुचत नाहीये.

रिटायर झाल्यावर फ्रान्सच्या एखाद्या खेड्यात जाऊन राहायचं, हे माझं आणि माझ्या नवऱ्याचं, नितीनचं, जुनं खूळ. इथे इंग्लंडात, श्रूजबरीत बसून नेटवर एक दगडी घर शोधलं. मागे बाग, विहीर, आणि किंमत चक्क निम्मी! आज सकाळी तिथल्या एजंटबाईंना फोन केला, तर त्यांनी घरमालकीणबाईंनाच लाइनवर घेतलं. ब्याऐंशी वर्षांच्या आजी, एकट्या राहतात.

मी आपलं सवयीने विचारलं, "आजी, तब्येत कशी आहे?"

एजंटबाई ते फ्रेंचमध्ये सांगायचं सोडून हळूच मला इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "हे घर आजींसकट विकायचंय. त्या असेपर्यंत तिथेच राहणार. त्यांच्यानंतर तुमचं. म्हणून तर स्वस्त आहे." तिकडे ही जुनी रीतच आहे म्हणे.

मी काय विचारून बसले!

तेवढ्यात त्यांनी माझा प्रश्न आजींना सांगितलाच. आजी खळखळून हसल्या. म्हणाल्या, "ठणठणीत आहे. सॉरी हं!"

नितीन म्हणतो, सगळं कायदेशीर आहे, घेऊन टाकू.

पण यार, फोन केल्यावर आपण पहिली तब्येतच विचारतो ना? उद्या त्या पुन्हा "ठणठणीत" म्हणाल्या, तर मला खरंच बरं वाटेल का?