नगराध्यक्षाच्या दारासमोर इंग्रजीचा तास

नोएमी पाद्रोनची उमेदीची सगळी वर्षं नदीकाठच्या सान बेर्नाबे गावच्या वाचनालयात गेली. नदीच्या पुरात भिजलेली पुस्तकं तिने पान न् पान सुटं करून वाळवली होती. मग एफ्राइन साल्सेदो नगराध्यक्ष झाला. प्रचारात नोएमीने त्याच्या पक्षाचा पिवळा सदरा अंगात घातला नव्हता, हे त्याने लक्षात ठेवलं होतं. त्याने वाचनालय बंद केलं, पुस्तकं होडीच्या धक्क्यावरच्या शेडमध्ये टाकली आणि जागा मेहुणीला ब्युटी पार्लरसाठी दिली. नोएमी जाब विचारायला गेली, तेव्हा दारातल्या झुलत्या खुर्चीतून तो चारचौघांत म्हणाला, "बाई, हल्ली वाचतंय कोण? केस मात्र सगळ्यांनाच असतात."

लोक खो-खो हसले. ते हसू नोएमीच्या काळजात रुतून बसलं.

सान बेर्नाबेत ऊन उतरलं की जो तो आपली झुलती खुर्ची दाराबाहेर काढतो. साल्सेदोचा खरा दरबार तिथेच भरायचा. कुणाला नोकरी, कुणाला नळ, बाकीच्यांना आश्वासन. वाचनालय परत मिळणार नाही, हे नोएमीला कळत होतं. पण या माणसाला त्या खुर्चीत सुखाने बसू द्यायचं नाही, एवढं तिने मनाशी पक्कं केलं.

तिने त्याच्या घरासमोरचीच खोली भाड्याने घेतली आणि इंग्रजीचा वर्ग काढला. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत नोकरी हवी असलेली पोरं आली, अंडं भरलेल्या मक्याच्या आरेपा तळून विकणारी दुबेर्लिस आली. धडा होता शासन आणि समाज. सेन्योने, म्हणजे बाईंनी, वाक्य म्हणायचं, वर्गाने एका सुरात मागून ओरडायचं. त्यात वीज रोज संध्याकाळी जायची. पंखे थांबले की खिडक्या सताड उघडाव्याच लागत.

"द मेयर टेक्स ब्राइब्ज!" नोएमी म्हणायची. नगराध्यक्ष लाच खातो.

"द मेयर टेक्स ब्राइब्ज!" अख्खा वर्ग.

"करप्शन!"

"करप्शन!"

रस्त्यावर इंग्रजी कुणाला येत नव्हतं, पण करप्शन, इलेक्शन, जस्टिस हे शब्द गावच्या स्पॅनिश भाषेतल्या शब्दांचे सख्खे भाऊच. उरलेल्यांचा अर्थ दुबेर्लिसने आरेपांसोबत गल्लीभर फुकट वाटला.

आठवडाभरातच नगरपालिकेचा कारकून आला.

"सेन्यो, गोंगाटाची तक्रार आहे."

"कसला गोंगाट?"

"ते आपलं… लाचेचं वाक्य."

"त्यात कुणाचं नाव आहे का?"

"नाव नाही."

"मग तक्रार कुणाची? सांग, उद्यापासून त्याचं नाव घालते."

कारकून घाम पुसत गेला.

मग एका संध्याकाळी साल्सेदो स्वतःच रस्ता ओलांडून आला आणि पहिल्या बाकावर बसला. "सेन्यो, मलाही शिकवा. म्हातारपणी चार शब्द येऊ देत." बघता बघता दारं-खिडक्या माणसांनी भरल्या. नोएमीने वाक्य म्हटलं. सगळ्यांत मोठ्या आवाजात तोच ओरडला, "द मेयर टेक्स ब्राइब्ज!" आणि गर्दीकडे बघून त्याने डोळा मारला.

लोक खो-खो हसले. तिचं हत्यार हा माणूस खेळणं करून घरी घेऊन चालला होता.

तिने खडू खाली ठेवला. "पाठांतर पुरे. आता प्रश्नोत्तरं. विचारायचं वर्गाने, उत्तर द्यायचं नव्या विद्यार्थ्याने. इंग्रजीतच."

दुबेर्लिस उठली. "व्हेअर इज द वॉटर?"

साल्सेदोने शेजारच्या पोराकडे पाहिलं.

"पाणी कुठंय विचारतेय, सेन्योर," मागून कुणीतरी म्हणालं.

त्याला एकच शब्द येत होता. "टुमॉरो," तो म्हणाला. म्हणजे उद्या.

"व्हेअर इज द रोड?" मागच्या बाकावरून आवाज आला.

"टुमॉरो."

"व्हेअर इज द डॉक्टर?"

त्याने दाराकडे पाहिलं. तेवढ्यात खिडकीतून एक म्हातारी आपल्या भाषेत खेकसली, "आणि माझ्या नातवाची नोकरी रे? का तीही टुमॉरो?"

आता जे हसू फुटलं, ते त्याच्यावर होतं. दारातली गर्दीसुद्धा सुरात ओरडू लागली, "टुमॉरो! टुमॉरो!" साल्सेदो लालबुंद होऊन उठू लागला.

"बसा, सेन्योर," नोएमी शांतपणे म्हणाली. "तास संपायला अवकाश आहे. आणि दारातून वाट मिळेल असं काही दिसत नाही."

तो बसला. तिने प्रश्न विचारायला वर्गातल्या एकेकाला उभं केलं, कुणालाही वगळलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी समोरच्या फरशीवर खुर्ची नव्हती. दार आतून लावलेलं होतं.

"झालं ना मनासारखं, सेन्यो?" दुबेर्लिसने विचारलं. "आता फळं-भाज्यांचा धडा घ्या बाई. माझ्या धंद्याला तरी उपयोगी पडेल."

नोएमी खिडकीशी गेली. समोरच्या खिडकीच्या झडपेची एक फळी किंचित हलली.

"ऐकतोय अजून," ती म्हणाली आणि वर्गाकडे वळली. "कालचाच धडा पुन्हा. मोठ्याने."