झाडूचं बटण

२०२३ साल. मी एकोणसत्तर वर्षांचा होतो आणि अंधेरी एमआयडीसीतल्या एका ऑफिसात, मीटिंग रूममध्ये, एक जाडजूड बर्मी पुस्तक दोन्ही हातांवर उघडं धरून उभा होतो. समोर टीव्हीवर ब्रह्मदेशातली एक बाई, हे काम देणाऱ्यांकडची. नाव लांबलचक होतं, आम्ही तिला खिनबाई म्हणायचो. ती सांगेल ते पान कॅमेऱ्यापुढे धरायचं, एवढंच माझं काम.

टेबलाशी दोघं बसलेली. एक निखिल, आमचा बॉस, वय तिशीच्या आसपास. सगळे त्याला सर म्हणायचे, मी निखिल म्हणायचो. मालकाला शेठ म्हणायची सवय मी छापखान्यातच सोडून आलो. दुसरी दर्शना. ती भांडुपला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते. मला या ऑफिसात तिनेच आणलं. "काका, जुनी पुस्तकं हाताळणारा माणूस पाहिजे. पोरं पानं फाडतात," म्हणाली. मी घाटकोपरला असल्फ्याजवळच्या एका छापखान्यात छत्तीस वर्षं मशीनमन होतो. कागद कसा धरायचा ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

काम काय होतं ते सांगतो. शंभर वर्षांपूर्वीची छापील पुस्तकं. भाषा पाली, लिपी बर्मी. पालीला स्वतःची लिपी नाही, ज्या देशात जाईल तिथली घेते. ही पानं मी स्कॅनरवर ठेवून फोटो काढायचो. मग दर्शनाची टीम स्क्रीनवर दर अक्षराभोवती चौकट ओढून ते कुठलं अक्षर हे तक्त्यावरून सांगायची. अशी हजारो अक्षरं दाखवली की कॉम्प्युटर पुढची पानं आपोआप वाचतो. त्याला ओसीआर म्हणतात. टीममध्ये बर्मी कुणालाच येत नव्हतं. आकार ओळखायचा, बस. छापखान्यात मीही उर्दू, गुजराती सगळं छापलं, वाचलं काहीच नाही.

बर्मी अक्षर म्हणजे नुसते गोल. गोलाला कुठे फट आहे त्यावर अक्षर ठरतं. आणि आपण डोक्यावर टिंब देऊन अनुस्वार करतो ना, तिथे ते बारीकसं कडं देतात. अक्षरापासून सुटं, मोहरीएवढं.

तर त्या दिवशी खिनबाई चिडलेली होती. आवाज चढवला नव्हता तिने, पण प्रत्येक वाक्यानंतर थांबत होती.

"काय म्हणते?" मी दर्शनाला हळूच विचारलं.

"कॉम्प्युटरने वाचलेल्या पानांत कडीच नाहीत म्हणते. एकही नाही. आधीच्या कंपनीने डागांना कडी समजून वाट लावली होती. आपण उलटं केलं. प्रोजेक्ट काढून घेतील, काका."

निखिल इंग्रजी सोडून मराठीत आला. "दर्शना, तुझ्या टीमने कडी सोडून चौकटी मारल्यात. एवढं बेसिक कसं चुकलं?"

"सर, फोटोत कडं असेल तर चौकट मारू ना. फोटोत नाहीच आहे."

"पुस्तकात आहे. काकांच्या हातातच आहे, बघ ना."

दर्शनाने उठून माझ्या हातातलं पान जवळून बघितलं. ती सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होती. हे प्रोजेक्ट नीट गेलं की पर्मनंट होणार होती. दिंडोशीहून, भावाच्या घरून, आईला ती स्वतःकडे घेऊन आली होती ते या भरवशावर.

मग खिनबाईने माझ्या हातातलं पान वाचायला सुरुवात केली, आम्हाला फरक कळावा म्हणून. एकदा पुस्तकात आहे तसं, एकदा कॉम्प्युटरने लिहिलं तसं. मी कान दिला नव्हता. बर्मी उच्चार वेगळेच, 'स'चा 'थ' होतो, शब्द तोंडातल्या तोंडात वळतात. पण दुसऱ्या ओळीला माझी मान वर झाली. चाल ओळखीची होती. तीन ओळी, मग त्याच पुन्हा, मग पुन्हा. त्रिशरण, 'बुद्धं सरणं गच्छामि'. माझ्या आईने मला चौथीत शाळा सुटायच्याही आधी तोंडपाठ करून घेतलेलं. गेली साठ वर्षं रोज सकाळी म्हणतो.

तिने पहिल्यांदा वाचलं तेव्हा दर ओळीत शब्दांच्या शेवटी घुमणारा आवाज होता. दुसऱ्यांदा तो नव्हता. 'बुद्धं'चा नुसता 'बुद्ध', तसंच पुढचं सगळं. जणू भांड्यावर हात ठेवून नाद बंद केला.

आणि मला एकदम कळलं की हात कुणी ठेवला.

स्कॅनरच्या स्क्रीनवर एक बटण होतं. त्यावर झाडूचं चित्र. ते दाबलं की पानावरचे बारीक डाग निघून जातात. पहिल्या दिवशी निखिलने मला इंग्रजीत छापलेला कागद दिला होता. "काका, सूचना आहेत. वाचून घ्या." संध्याकाळी विचारलं, "वाचलं ना?" मी म्हणालो, "वाचलं." मला इंग्रजी येत नाही. ते सांगायला लागू नये म्हणून तो कागद मी घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवला. झाडू मात्र मला समजत होता.

आता हेही समजून घ्या. आमच्या धंद्यात डाग म्हणजे शिवी. खिळा म्हणजे छपाईचं शिशाचं अक्षर, आणि दोन खिळ्यांमधली जागा भरणारा तुकडा तो फासा. हा फासा वर येऊन कागदावर काळा ठिपका उठला तर शेठ अख्ख्या छापखान्यापुढे विचारायचा, "पानावर माशी कुणाची बसली?" छत्तीस वर्षांत माझ्या मशीनवरून माशी बसलेलं पान बाहेर गेलं नाही. त्या बर्मी पुस्तकांवर तर बुरशीचे, किड्यांचे, शाईचे ठिपकेच ठिपके. मी प्रत्येक पानाला झाडू मारत होतो. तीन आठवडे. मशीनला डाग आणि कडं यांतला फरक कळत नव्हता. सुटं आणि बारीक दिसलं की पुसून टाकायचं. आणि मूळ फोटो कुठे राहत नव्हता, साफ केलेलाच पुढे जायचा.

मीटिंग संपली. मी काही कबूल केलं नाही. खोटं कशाला बोलू.

स्कॅनरवर गेलो. तेच पान ठेवलं. झाडू न मारता फोटो काढला, कडी होती. झाडू मारला, गेली. तीनदा करून बघितलं. तीनदाही तेच.

जेवणाच्या सुट्टीत दर्शना डबा न उघडता बसली होती.

"जेव की गं."

"सरांनी उद्यापासून प्रोजेक्ट दुसऱ्या कुणाकडे द्यायचं ठरवलंय. मला हँडओव्हर लिहायला सांगितलंय."

"मग?"

"मग काय. प्रोबेशन वाढवतील, नाहीतर घरी." ती जरा हसली. "तुमची नोकरी राहील काका. फोटो झकास येतात म्हणाले."

मी डबा बंद केला आणि निखिलच्या केबिनमध्ये गेलो. दर्शनालाही हाक मारून घेतलं.

"निखिल, चौकटी बरोबर आहेत. कडी मी पुसली."

"म्हणजे?"

"तो झाडू. प्रत्येक पानाला मारलाय."

तो खुर्चीतून पुढे झाला. "काका, सूचनांमध्ये लिहिलं होतं. क्लीनिंग ऑफ ठेवा. तुम्ही वाचलं म्हणालात."

"खोटं बोललो. इंग्रजी येत नाही मला. चौथी झालोय."

"अहो, मग विचारायचं ना. मी दोन मिनिटांत सांगितलं असतं."

"नाही विचारलं."

दर्शना माझ्याकडे बघत होती. तिला राग यायला हवा होता. आला असेलही. "काका, तीन आठवडे?" एवढंच म्हणाली.

निखिलने डोळे चोळले. "ठीक. म्हणजे सगळं परत स्कॅन. पण त्याने अर्धंच सुटतं. झाडू न मारता काढलं की डाग येणार. खिळे झिजलेले आहेत, कड्यांत शाई भरून त्यांचे ठिपके झालेत. स्क्रीनवर डाग कुठला, कडं कुठलं, सांगणार कोण? आधीची कंपनी इथेच आपटली."

"डाग कुठला ते मी सांगतो," मी म्हणालो.

"बर्मी येतं तुम्हाला?"

"बर्मी कशाला पाहिजे."

पुस्तक आणलं. तो म्हणाला, दाखवा. मी त्याला म्हटलं, पेन्सिल घे, कुठलेही सहा ठिपके निवड, फिकट खूण कर. त्याने केली. मी पान उलटलं आणि मागच्या बाजूने त्या जागांवर अंगठा फिरवला.

खिळ्यावरून छापलेलं अक्षर कागदात घुसतं. शिशाचा खिळा दाबला जातो, कागदाला खड्डा पडतो, मागून बारीक उठाव येतो. जुन्या छपाईत दाब जास्त द्यायचे, शंभर वर्षांनीही तो उठाव लागतो. बुरशी, किडा, सांडलेली शाई कागदावर बसते. कागदात घुसत नाही.

"पहिला छापलाय. दुसरा डाग. तिसरा डाग. चौथा छापलाय. पाचवा छापलाय."

सहाव्यावर मी अंगठा दोनदा फिरवला. पानाच्या मागेही मजकूर असतोच. तिथे मागची ओळ नेमकी त्याच जागी आली होती आणि दोन्हीकडचे दाब एकमेकांत मिसळले होते. पूर्वी मी काहीतरी ठोकून दिलं असतं.

"सहावा कळत नाही," मी म्हणालो. त्या ऑफिसात हे शब्द मी पहिल्यांदाच काढले.

निखिलने पानाचा फोटो खिनबाईला पाठवला आणि सहा खुणांबद्दल विचारलं. पाऊण तासाने उत्तर आलं. पाच बरोबर होते. सहावं कडं होतं, पण तेही तिने अर्थावरून सांगितलं, नुसतं बघून तिलाही कळलं नव्हतं.

"पण काका, तुमचा अंगठा मी कॉम्प्युटरला कसा लावू?" निखिल म्हणाला.

हे मलाही माहीत नव्हतं. मी पुस्तक उचललं आणि सवयीने पान खिडकीशी तिरकं धरलं. मशीनवर पहिला कागद निघाला की दाब सारखा बसलाय का ते बघायला आम्ही तो असाच उजेडात आडवा धरायचो. मागच्या बाजूला एकेका उठावाची बारीक सावली पडली.

निखिल उठून माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. मग त्याने मोबाईलचा टॉर्च लावला, पानाला जवळजवळ टेकवून, बाजूने. सावल्या आणखी स्पष्ट झाल्या.

"एका पानाचे दोन फोटो," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "एक पुढून साधा. एक मागून, आडव्या उजेडात. दोन्ही जुळवायचे. जिथे ठिपका आणि सावली दोन्ही, ते कडं. नुसता ठिपका, तो डाग." मग दर्शनाकडे वळला. "हँडओव्हर लिहायला घेतलंस?"

"अर्धा लिहिलाय."

"फाड तो."

"सर, कॉम्प्युटरवर लिहिलाय."

"मग डिलीट कर ना यार."

खिनबाईच्या लोकांनी चार आठवडे वाढवून दिले. काम झालं. शंभर टक्के नाही. ओळीवर ओळ आलेल्या जागा खिनबाईलाच सोडवाव्या लागल्या आणि ते आम्ही आधीच लिहून कळवलं होतं. दर्शना पर्मनंट झाली. माझ्याबद्दल निखिल म्हणाला, "काका, चूक मोठी होती." मी म्हणालो, "होती." मी अजून तिथेच कामाला आहे.

यातून शिकायचं म्हणाल तर एवढंच. डाग पुसायच्या आधी पान उलटून बघावं. आणि कागद दिला की वाचला म्हणू नये.

पण पुन्हा स्कॅन करायचं ते सगळं काम त्या मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झालं, म्हणून तेही सांगतो. मी नेहमीपेक्षा तासभर आधी ऑफिसात पोचलो. डब्याच्या पिशवीतून तो इंग्रजी कागद काढला. घडीवर तेलाचा डाग पडला होता. दर्शना आली तसा तिच्यापुढे ठेवला.

"वाच."

"आत्ता? चहा तरी घेऊ द्या, काका."

"चहा मी सांगितलाय. एकेक ओळ वाच, मराठीत सांग. मी लिहून घेतो."

अकरा ओळी होत्या. माझं अक्षर मोठं आहे, दोन कागद लागले. झाडूची ओळ चौथी होती. ती मी लाल पेनने लिहिली, दोन्ही कागद स्कॅनरच्या बाजूला चिकटवले आणि पुस्तक पहिल्या पानावर उघडलं.