बाहेर उघडणारं दार

आजोबांना सभेत बोलायला उभं करायचं नाही, यावर घरात एकमत होतं. हाडाचे सुतार, पण तोंड रंध्यापेक्षा जोरात चालायचं. एकदा सुरू झाले की ऐकणाऱ्याच्या चहावर साय धरायची.

सभा तर नातवाच्या स्मरणाची. नातू सैन्यात इंजिनियर होता. बाकीचे पुढे सरकायच्या आधी रस्त्यात पुरलेले सुरुंग काढायचे, नाल्यावर पूल टाकायचा, हे त्याचं काम. समुद्रापलीकडच्या लढाईत असाच एक रस्ता मोकळा करताना तो गेला. पंचविशीही गाठली नव्हती.

शाळेच्या हॉलमध्ये एकामागून एक वक्ते उठले. कुणी त्याला सिंह केलं, कुणी पोलाद. पहिल्या रांगेतली त्याची आई सासऱ्यांकडे झुकली.

"मामंजी, हे कुणाबद्दल बोलताहेत हो? यात माझा खटपट्या कुठे आहे?"

झालं! आजोबा तडक माइकपाशी.

"थोडक्यात आटपा!" मागून आजी.

"ही जी ओरडली ना," आजोबा खुलले, "ती एकदा न्हाणीघरात घसरून पडली. दार माझ्या हातचं, सागवानी, आत उघडणारं. ढकलावं तर हिच्याच पाठीत बसायचं. त्यात हिचा देह भरभक्कम..."

"टांगा माझी अब्रू वेशीवर!"

हॉल खदखदला.

"पोरगा तेव्हा चौदाचा. वरच्या खिडकीतून आत उतरला, हिला अलगद बाजूला सरकवलं, मग दार उघडलं. दुसऱ्या दिवशी मी कामावरून येतो तो काय, दार उलटं! बिजागऱ्या उपटून बाहेरच्या अंगाला बसवलेल्या, खाली बोटभर फट. माझं पित्त खवळलं. म्हटलं, गाढवा, माझ्या दाराला हात लावलास? तर म्हणतो कसा, 'आजोबा, दार झकासच आहे. पण आजी पुन्हा पडली, तर त्याने वाटेतून हटायला नको का?' आठवडाभर मी त्याच्याशी अबोला धरला."

"काय शांतता होती घरात!" आजी.

आईने तोंडावर हात धरला. खांदे हलत होते. आजोबा माइकपासून मागे सरकले, रडवलं की काय पोरीला? पण तिने मान वर केली, तर ती हसत होती. बातमी आल्यापासून पहिल्यांदा.

सभा सुटल्यावर गल्लीतल्या शिलाईवाल्या बाई आल्या. एकट्याच राहायच्या. "आजोबा, माझंही न्हाणीघराचं दार आतच उघडतं."

"करून दिलं असतं हो, पण हात थरथरतात आता."

"मी पिळते स्क्रू," सून म्हणाली. "तुम्ही नुसतं सांगा."

"सांगायला काय, जन्मभर तेच केलं!"

दुसऱ्या दिवशी शिलाईवाल्या बाईंचं दार दोघांनी उतरवलं. आजोबांनी फळी टेकून धरली, सुनेने बिजागरी लावली. दुसरा स्क्रू पिळता पिळता ती थांबली.

"मामंजी, एक राहिलंच तुमचं. खिडकीतून उतरताना त्याचा निळा शर्ट खांद्यावर टराटरा फाटला होता. मला म्हणाला, आई, आजीला सांगू नकोस, तिला उगाच वाईट वाटेल. आणि शिवायला बसला स्वतःच! बाही बंदच करून टाकली बावळटाने, हात आत जाईना. मग..."

आजोबांनी फळीवरची पकड घट्ट केली आणि ऐकत उभे राहिले.