ओहोटीत उघडलेलं गेट

गोदीचं गेट सांभाळणाऱ्या गेटभाऊंनी त्या सकाळी तिथल्या फळ्यावर ठळक अक्षरात लिहिलं, ‘गेट बंद होण्याची वेळ : ११.०५’. ही वेळ उद्याची होती. भरती-ओहोटीच्या तक्त्यावर बोट एक ओळ खाली घसरलं, एवढंच. पण नदी काही फळा वाचत नाही, आणि भाऊही वाचत नाहीत. भिंतीवरचं ओलं शेवाळ दिसू लागलं तसं सव्वीस वर्षांच्या सवयीने त्यांनी गोदीतलं पाणी ओहोटीबरोबर उतरू नये म्हणून सव्वादहालाच गेट लावलं आणि चहा प्यायला गेले.

अकराला बाई बाहेर पडायला बोट घेऊन गेटापाशी आल्या. निवृत्त शिक्षिका, वडिलांच्या जुन्या बोटीच्या मालकीण.

“भाऊ, उघडा. पाच मिनिटं आहेत अजून.”

“बाई, गेट लागून पाऊण तास झाला.”

बाईंनी नुसतं फळ्याकडे बोट दाखवलं. भाऊंनी आपलंच लिखाण वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला.

“अक्षर तुमचंच ना?”

“माझंच.”

“अक्षर छान आहे. वेळ कुठली?”

“उद्याची.”

बाई चिडल्या त्यात नवल नव्हतं. त्यांची थोरली बहीण नदीच्या खालच्या अंगाला राहायची. उद्या सकाळी मुलगा तिला कायमचं आपल्याकडे नेणार होता, दूर. बाबांच्या बोटीत एकदा शेवटचं बसायचं, असं दोघी बहिणींचं ठरलं होतं. बाईंचं इंजिन पडलं म्हातारं. ओहोटीच्या ओढीबरोबर बारापर्यंत निघाल्या तरच पोचणार. नंतर पाणी उलटं फिरलं की संपलं.

भाऊंनी ऑफिसला फोन लावला.

“गेट एकदा लागलं की पुढच्या भरतीपर्यंत उघडायचं नाही,” साहेब म्हणाले. “नियम आहे.”

“पण चूक माझी आहे, साहेब.”

“मग तसा अर्ज करा.”

“कुणाकडे?”

“माझ्याकडेच. पण मी सोमवारी भेटेन.”

भाऊंनी फोन आपटला. हे नेहमीचंच. गोदी दीडशे वर्षांची, ऐतिहासिक, म्हणून दगडात एक खिळा ठोकायची परवानगी नाही. फळासुद्धा सुतळीने खांबाला बांधलेला. आणि हौशी बोटवाल्यांना सोयी मात्र हॉटेलसारख्या हव्यात. मधल्या मध्ये भाऊ.

एक वाट होती. गेटाच्या तळाची झडप उघडून आतलं पाणी बाहेर सोडायचं, दोन्हीकडची पातळी सारखी झाली की गेट उघडतं. पण गोदीत गाळ साचलेला, तो काढायची फाईल तीन वर्षं फिरतेय. पाणी उतरलं की आतल्या उरलेल्या तिन्ही बोटी संध्याकाळपर्यंत चिखलात बसणार. त्यांच्या मालकांना विचारल्याशिवाय कसं करणार?

“म्हणजे आता दारोदार शिव्या खायला निघालात?” बायको म्हणाली.

“तिघांच्याच खायच्या आहेत.”

पहिल्या बोटीवरच्या नवराबायकोने बाईंची हकिकत ऐकून लगेच मान डोलावली. दुसऱ्या बोटीवरच्या आजोबांनी आधी भाऊंना चष्मा बदलायला सांगितलं, मग हो म्हटलं. तिसरे दातांचे डॉक्टर. बोट नवीकोरी, तळ खोल.

“आडवी झाली तर?”

“नाही होणार, डॉक्टर. थोडी कलेल.”

“तुमच्या थोड्यावर माझा विश्वास नाही. फळ्यावर पन्नास मिनिटांचं थोडं झालंय.”

“चार दोर बांधतो. भिंतीच्या बाजूला माझी गादी कोंबतो.”

डॉक्टरांनी गेटापाशी घड्याळ बघत बसलेल्या बाईंकडे पाहिलं. “ठीक आहे. पण अंघोळीला गरम पाणी पाहिजे. तुमच्या न्हाणीघरात येतं ते नव्हे. गरम!”

“आम्हालाही!” आजोबा पलीकडून ओरडले.

साडेअकराला झडप उघडली. पाणी उतरायला इतका वेळ लागला, की भाऊंनी नदीला, गाळाला आणि स्वतःला मनातल्या मनात सगळं ऐकवून घेतलं. बाराला दहा कमी असताना त्यांनी चाक फिरवलं. गेट कुरकुरत उघडलं. बाईंच्या बोटीचा तळ उंबऱ्याला खरर्‌ करून घासला आणि बोट सुटली. आभार वगैरे नाहीच. जाता जाता बाई एवढंच ओरडल्या, “आधी तो फळा पुसा!”

दुपारी तिन्ही बोटी चिखलात तिरक्या बसल्या. डॉक्टरांच्या कपबशा घरंगळल्या, त्याचा हिशेब भाऊंना दोनदा ऐकावा लागला. बायकोने पाणी तापवलं, भाऊंनी बादल्या वाहिल्या. दोन पोचल्या आणि गॅस संपला. डॉक्टर तिरक्या डेकवर टॉवेल गुंडाळून वाट बघत राहिले.

तीनला बाईंचा फोन आला. “ताई बसली बोटीत. बसल्या बसल्या म्हणते, बाबांचं सुकाणू अजून डावीकडेच ओढतं.” आणि फोन ठेवला.

संध्याकाळच्या भरतीला डॉक्टर तसेच निघाले. “बादली बाकी आहे, भाऊ!”

त्यानंतर डॉक्टर तीनदा येऊन गेले. एकदा भाऊंची बायको गावाला गेलेली, एकदा डॉक्टरांनाच भरती गाठायची घाई. तिसऱ्या खेपेला भाऊ वाफाळती बादली घेऊन धापा टाकत गेले, तर डॉक्टर केस पुसत बसलेले. त्यांची अंघोळ झाली होती. ही बादली काही त्यांनी हिशेबात धरली नाही.