दाई म्हटल्यावर भडकलेली माझी मावशी

पन्नाशी ओलांडल्यावर माझ्या मावशीनं सख्ख्या पोराला घराबाहेर काढलं.

बरोबर केलं.

आज तिचा स्मृतिदिन. आणि आजच सकाळी आमच्या रिटायर्ड मंडळींच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "आता आपलं काय राहिलं? नामस्मरण करा."

माझं डोकंच फिरलं. पंच्याऐंशी झाली तरी ते फिरायचं काही थांबत नाही. म्हणून लिहून राहिलो.

भिलाईचा पोलादाचा प्लँट रशियाच्या मदतीनं उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. मजुरांच्या कॅम्प-1 वस्तीत मावशीची झोपडी. सुपेल्याच्या बाजारात भाजी विकून तिनं स्वतः उभी केलेली. त्यात ती, तिचा पोरगा सुधाकर आणि मी.

सुधाकर प्लँटमध्ये फिटर. मी साइटवर खलाशी, म्हणजे जड सामान ओढणारा.

नागपूरचं कॉलेज अर्ध्यात सोडून आलो होतो. कारण एकच. शालिनी.

तिचं लग्न दुसरीकडं ठरलं. मी तिच्या बापाशी भांडलो, प्रोफेसरशी भांडलो आणि मिळेल त्या गाडीत बसलो. इथं येऊन दाढी वाढवली, जेवण सोडलं.

मावशीनं थोडे दिवस पाहिलं. मग ताट आदळून म्हणाली, "पोरगी सासरी गेली. तू कावून विधवा होऊन राहिला रे? विधवा मी हावो. जेव."

जेवलो.

एका रविवारी मी तिच्यासोबत बाजारात बसलो होतो. एक रशियन बाई आली. प्लँटवरच्या कुण्या इंजिनियरची बायको. पोट चांगलंच पुढं आलेलं. टमाटरकडं बोट दाखवून म्हणाली, "दाई."

मावशीचा चेहराच बदलला.

कावून, ते सांगतो. गावाकडं बाळंतपण करणारी ती दाई. आणि ते काम मावशीच्या सासरघराच्या माथी मारलेलं. आधी मावशीच्या सासूनं केलं, मग मावशीनं. बोलावणं आलं की धावायचं. नाळ कापली की मागच्या दारानं बाहेर. तिची पाठ फिरली की ते घर शिंपडून शुद्ध करायचे.

जे लेकरू तिनं हातात झेललं, तेच मोठं होऊन तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचं.

मग मावशीनं धम्मदीक्षा घेतली. ते काम टाकलं. गाव टाकलं. भिलाई गाठली.

आणि इथं ही गोरी बाई म्हणते, दाई!

"कोणं सांगतलं इले?" मावशी कडाडली. "इथंबी आमची जात पोचली काय? मी दाई नाही! भाजीवाली हावो, भाजीवाली!"

ती बाई घाबरली. पण टमाटर पाहिजेच होते. हळूच म्हणाली, "दाई... दाई..."

मी बाह्या सरसावून उभा. कुणाला मारणार होतो, देव जाणे.

तिच्यासोबतचा दुभाषा हसून हसून वाकला. "अरे अम्मा! रूसी में दाई माने दे दो! टमाटर माँग रही है बेचारी!"

 मावशी अशी हसली की टोपलीतले कांदे घरंगळले.

हसता हसता तिची नजर त्या बाईच्या सुजलेल्या पायांवर गेली.

"इचार इले, घरी कोण हाये? माय? सासू?"

कोणीच नव्हतं. सगळे तिकडं, रशियात.

"मंग सांग. बाळ दवाखान्यात होऊ दे. घरी आल्यावर मालिश, शेक, आंघोळ मी करीन. पगार घेईन. समोरच्या दारानं येईन."

बाळ झाल्यावर मावशी तिच्या घरी गेली, तेव्हा त्या बाईनं तिला खुर्चीवर बसवलं. आपल्या हातानं चहा दिला. तिकडंही चहाला चायच म्हणतात, आणि साखरेला जवळजवळ साखरच. मावशी घरी येऊन म्हणाली, "अर्धी भाषा त मले पहिलेच येते!"

पुढं भाजीची टोपली सुटली. रशियन झाले, बंगाली झाले, पंजाबी झाले. प्लँटच्या वसाहतीतल्या सेक्टरांतली लेकरं तिच्या पायांवर पालथी पडून रडायची, आणि ती त्यांना रशियन, हिंदी, मराठी मिसळून दटावायची.

सुधाकर मात्र पेटला.

"जे सोडून आलो तेच करून राहिली? साइटवर मले दाईचा पोरगा म्हणते लोकं! आता क्वार्टर भेटलं मले. हे बंद कर, नाही त गावाले काकाकडं जाय. मीच गाडीत बसवून देतो."

मी त्याची कॉलर धरली.

मावशीनं माझाच हात झटकला. "सर बाजूले. भांडण माझं हाये."

मग त्याच्याकडं वळली.

"ते काम माह्यावर लादलं होतं. हे मी मागून घेतलं. याच्यातला फरक तुले समजत नसन, त तू जाय आपल्या क्वार्टरले. झोपडी माझी हाये. कोपऱ्यात बसाले मी गावाले जात नाही."

त्याची ट्रंक तिनंच उचलून बाहेर ठेवली.

कितीतरी वर्षं तो यायचा, पण दारातच उभा राहून बोलायचा. आत पाय टाकत नव्हता. तीही "ये" म्हणत नव्हती. दोघंही एकाच मातीचे.

साठीनंतर खुर्सीपार वस्तीतल्या पोरी तिच्याकडं काम शिकायला यायच्या. तेल किती कोमट करायचं हे नंतर. पहिला धडा: "खुर्ची नाही देत, त वापस या."

(शालिनीचं विचारू नका. खोटं कशाला बोलू, अजून आठवते.)

मावशी गेली तेव्हा गावाहून सुधाकरचे काका आले. म्हणाले, "मातीले गावातच न्या. आपल्या लोकाईत."

माझं रक्त उसळलं. तोंड उघडणार, तेवढ्यात झोपडीच्या आतून सुधाकरचा आवाज आला. तो तिच्या उशाशी बसला होता.

"माय इथंच राहीन. जित्तेपणी तिले मी नेऊ शकलो नाही, तुम्ही काय नेता?"

भिलाईतच ठेवलं तिला.

मावशी, तुझ्या तापट भाच्याची मानवंदना.

जय भीम.