हौदाचा तळ

मधुकर गेल्याचं मला कारखान्यात, रंगाच्या कढईपाशी उभा असताना कळलं. "सायेब गेले तुमचे," एवढं सांगून निरोप आणणारी बाई सुताच्या लडी पिळायला बसली. आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा? की आता ते कुणालाच कळणार नाही! लाज वाटते लिहायला. पण पाच आठवडे झाले, तो विचार मानगुटीवरून उतरत नाही.

आम्ही शाळेपासूनचे दोस्त. मी सूत रंगवणाऱ्यांच्या घरचा. तो छप्पनमध्ये बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरचा, वस्तीतला पहिला इंजिनिअर. चांगली सरकारी नोकरी सोडून हा गृहस्थ नागपुरातले कारखाने पालथे घालायचा आणि प्रत्येक मालकाला एकच विचारायचा, "वीस वर्षांनी पाणी कुठून आणाल?" मग पुढच्या वीस वर्षांचा आराखडा स्वतःच्या हातानं काढून द्यायचा. आम्ही त्याला पाण्याचा ज्योतिषी म्हणायचो. दुष्काळात नंदनवन भागाच्या पलीकडची माझ्या कारखान्याची विहीर आटली, तेव्हा मीच मुकाट्यानं या ज्योतिष्याच्या दारी गेलो.

त्यानं तीन हौद आखून दिले. रंगाचं पाणी एकातून दुसऱ्यात निवळत जाईल, शेवटचं पुन्हा धुण्याला घेता येईल, विहिरीवरचा भार हलका होईल. "तळ पक्का कर गा, नाही तं सारं जमिनीत मुरते," हे त्यानं तीनदा बजावलं, कारण उताराला त्याचीच वस्ती होती. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. नकाशावरच्या त्याच्या सहीवर परमिट मिळालं, सिमेंट आलं... आणि मी ते माझ्या माडीच्या स्लॅबला वापरलं. हौदाच्या भिंतींना गिलावा केला, तळ मातीचाच ठेवला. गाळाखाली कोण बघायला जातंय, म्हटलं.

पुढच्या उन्हाळ्यात वस्तीतल्या विहिरीचं पाणी लालसर झालं. माणसं आजारी पडली. एक तान्हं मूल गेलं. वस्तीची सभा भरली, मलाही बोलावलं होतं. एक म्हातारा उठला. "मधुकर, नकाशा तुयाच होता ना?"

मधुकरनं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहत होतो.

"मायाच होता," तो म्हणाला. "चूक मायी हाये."

त्याच आठवड्यात मी गुपचूप तळ पक्के करून घेतले. मधुकरचं काम मात्र संपलं. मालकांना निमित्तच हवं होतं. ज्यानं आपल्याच लोकांची विहीर नासवली, त्याचं कोण ऐकणार? पुढची सारी वर्षं त्यानं गणिताच्या शिकवण्या घेऊन काढली. वस्तीतल्या लग्नात त्याच्या शेजारी कुणी जेवायला बसायचं नाही. मी दर रविवारी त्याच्याकडे जायचो, चहा प्यायचो, राजकारणावर तावातावानं बोलायचो. आपण मैत्री निभावतोय असंही मला वाटायचं. हद्द झाली निर्लज्जपणाची.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, माणसं पांगली, तेव्हा त्याची बायको सुमन माझ्यापाशी येऊन बसली. "त्याइले माहीत होतं, भाऊजी," ती म्हणाली. "सभेच्या दुसऱ्याच दिवशी हौदात सळई खुपसून आले होते. खाली माती लागली."

"मग बोलला काहून नाही?" मी विचारलं.

"मी बी हेच म्हटलं. तं म्हणे, कारखाना बंद पडला तं वस्तीतल्याच बाया घरी बसतीन. आन् म्हणे, दोस्त हाये माया, सोताच सांगते तो. तुम्ही रविवारी उठून गेले का हे दारातूनच म्हणत, आज बी नाही बोलला वं..."

"आणि शेवटच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी सांगते तो, म्हणे, पाहजो."

हे सारं लिहून मी वर्तमानपत्राला दिलं. हा लेख कधी छापू, असं संपादकांनी विचारलं. मी म्हटलं, रविवारी.